पूर ओसरल्यानंतरचे मृत्यू
(सिनेगॉगच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



आपल्या बेने इस्राएल समाजाची परंपरागत कथा वादळापासूनच सुरू होते. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि लाटांनी आणून टाकलेल्या देहांना त्यांनी तेथेच मूठमाती दिली, असे आपले वाडवडील सांगत आले. किती बुडाले आणि किती वाचले, एवढाच हिशेब अशा कथांतून उरतो. वाचलेल्यांच्या प्रकृतीचे पुढे काय होते, हा आरोग्याच्या इतिहासाचा प्रश्न आहे. २६ जुलै २००५ च्या महापुराच्या आधारे आज त्याचाच विचार करावयाचा आहे.

त्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुलाब्यास मात्र सुमारे ७३ मिलिमीटर. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाणी, तेही ओहोटीच्या वेळी, वाहून नेण्याच्या मापाने बांधलेल्या होत्या. दुपारी समुद्रास मोठी भरती होती आणि भराव व बांधकामांमुळे मिठी नदीचे पात्र आधीच आक्रसलेले होते. पाण्यास जाण्यास वाट उरली नाही. कोणी बुडाले, कोणी विजेच्या धक्क्याने गेले, कोणी बंद मोटारीत गुदमरले; साकीनाक्यास दरडीखाली वस्ती गाडली गेली. आपल्या पूर्वजांच्या रायगड जिल्ह्यातही महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहण व कोंडिवते या गावांवर डोंगर कोसळले. राज्यात हजाराहून अधिक माणसे दगावली.

पाणी ओसरले आणि दुसरे संकट सुरू झाले. ऑगस्टमध्ये मुंबईच्या रुग्णालयांत तापाच्या रुग्णांची रीघ लागली. त्यांत लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण नेहमीच्या पावसाळ्याहून अनेक पटींनी अधिक होते. या रोगाचे जंतू उंदीर व गुरे यांच्या मूत्रातून पाण्यात मिसळतात आणि पायाच्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतात. लक्षणे बहुधा पाच ते चौदा दिवसांनी दिसतात: ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळ्यांना लाली. साधा ताप किंवा हिवताप समजून दुर्लक्ष झाले, तर कावीळ होते, मूत्रपिंडे निकामी होतात, फुप्फुसांत रक्तस्राव होतो. कमरेएवढ्या पाण्यातून चालत सुखरूप घरी पोहोचलेला माणूस असा पंधरवड्याने दगावू शकतो. वेळेवर दिलेल्या साध्या प्रतिजैविकाने तो बहुधा वाचतो, ही यातील अधिक दुःखाची बाब.

पुरानंतर प्रेतांमुळे साथी पसरतात, हा समज जुना आहे. प्रत्यक्षात धोका प्रामुख्याने जिवंतांच्या पाण्यातून येतो. नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळले की जुलाब व कावीळ, साचलेल्या पाण्यात डास वाढले की हिवताप व डेंग्यू. मृतांना सन्मानाने मूठमाती देणे हे आपले कर्तव्य आहेच. साथ मात्र उकळलेल्या पाण्याने, स्वच्छतेने व औषधाने थांबते.

पूर्वसूचनेने पहिले संकट कमी करता येते, हेही इतिहासाने दाखविले आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळच धडकले. घरे व नारळी-पोफळीच्या बागा उद्ध्वस्त झाल्या, परंतु किनाऱ्यावरील लोकांना आधीच हलविल्यामुळे प्राणहानी थोडी झाली. दुसऱ्या संकटासाठी अशीच सावधगिरी पूर ओसरल्यावरही चालू ठेवावी लागते.

हा रोग केवळ मुंबईचा आहे, असेही नव्हे. २०१८ च्या उन्हाळ्यात गोलानमधील ओढ्यांत उतरलेल्या अनेकांना तो येथे, इस्राएलमध्ये झाला, हे आपल्यापैकी अनेकांस आठवत असेल.

आपले ज्येष्ठ नातेवाईक आजही मुंबई, ठाणे व कोकणात राहतात. पुराची बातमी ऐकताच आपण त्यांना दूरध्वनी करतो आणि ते सुखरूप असल्याचे कळताच निश्चिंत होतो. माझी विनंती एवढीच, की दहा दिवसांनी पुन्हा दूरध्वनी करावा. पाण्यातून चालला होता का, ताप आहे का, पोटऱ्या दुखतात का, हे विचारावे. आणि होकार आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवावे.