देवनारचा कृत्रिम खाडीकिनारा

देवनारचा कृत्रिम खाडीकिनारा म्हणजे मुंबई उपनगर जिल्ह्यातील देवनार येथे ठाणे खाडीच्या पश्चिम तीरावर कचरा, राडारोडा व मातीचा भराव पडून तयार झालेला काठ होय. मूळचा चिखलपट्टा आणि तिवरांचे बन यांची जागा अशा भरावाने घेतल्यामुळे खाडीतील माशांचा आहार व एकूण अन्नजाळे बदलते.

पार्श्वभूमी

ठाणे खाडी सुमारे २६ किलोमीटर लांबीची असून उत्तरेला ती एका अरुंद प्रवाहाने उल्हास नदीशी जोडलेली आहे. देवनारची कचराभूमी १९२७ पासून वापरात असून तिचे क्षेत्र सुमारे १३२ हेक्टर आहे. तिच्या तळाशी अस्तर नाही. त्यामुळे कचऱ्यातून झिरपणारे काळे पाणी खाडीकडे वाहते. जानेवारी २०१६ मधील आगीमुळे हे ठिकाण देशभर चर्चेत आले, परंतु ती चर्चा प्रामुख्याने धुराविषयी होती. खाडीच्या बाजूकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. समोरच्या पूर्व तीरावरही नवी मुंबईच्या उभारणीसाठी मोठ्या प्रमाणावर भराव झाला.

नैसर्गिक काठावरील अन्नजाळे

उतरत्या चिखलाच्या काठावर भरती-ओहोटीच्या दरम्यान रोज काही तास जमीन उघडी पडते. तिवराची गळलेली पाने तेथे कुजतात, काही पाने खेकडे खातात, आणि चिखलाच्या पृष्ठभागावर डायटम या सूक्ष्म शैवालांचा पातळ थर वाढतो. खाडीतील बरेचसे अन्न येथूनच सुरू होते. निवटी ओहोटीच्या वेळी बिळातून बाहेर येऊन हा थर खरवडून खाते. बोय हा मासा भरतीबरोबर उथळ पाण्यात शिरून चिखलातील शैवाल व कुजका गाळ गिळतो. मुडदुशी वलयांकित कृमी व लहान कवचधारी प्राणी वेचते, तर जिताडा कोळंबी व लहान माशांवर जगतो. बोय, कोळंबी आणि जिताडा यांची पिल्ले तिवरांच्या मुळांमध्ये आसरा घेतात. कोळी समाजाची खाडीतील मासेमारी या साखळीवर आधारलेली आहे.

भरावाचे परिणाम

भरावाचा काठ उभा असतो. त्यामुळे उथळ पट्टा आक्रसतो आणि तेथील डायटमचा थरही कमी होतो. पानांचा व झाडांवरील कीटकांचा पुरवठा तुटल्याने गाळ खाणाऱ्या माशांना अन्न कमी पडते. दगड व काँक्रीटवर कालवे आणि बार्नेकल चिकटतात. ते पाण्यातील प्लवक गाळून खातात. म्हणजे जे अन्न पूर्वी चिखलातून माशांकडे जाई, त्याचा काही भाग आता या प्राण्यांकडे वळतो.

देवनारला मात्र केवळ भिंतीचा प्रश्न नाही. सांडपाणी व काळ्या पाण्यातील सेंद्रिय पदार्थ कुजताना पाण्यातील प्राणवायू घटतो. अशा चिखलात प्रदूषण सोसणारे मोजके कृमी वाढतात आणि संवेदनशील प्रजाती मागे पडतात. शिंगाळ्यासारखा मिळेल ते खाणारा मासा अशा पाण्यात तग धरतो; ठराविक भक्ष्यावर अवलंबून असणाऱ्या माशांना ते जमत नाही.

या चित्राला एक दुसरी बाजू आहे. सांडपाण्यातील पोषकद्रव्यांमुळे शैवाल वाढते, आणि लहान रोहित पक्ष्यांचे मुख्य अन्न नील-हरित शैवाल हेच आहे. १९९० च्या दशकापासून येथे येणाऱ्या रोहितांच्या वाढत्या संख्येशी याचा संबंध जोडला जातो. खाडीत गाळ साचून काही ठिकाणी तिवरांचा विस्तारही झाला आहे. म्हणून रोहितांची गर्दी पाहून खाडी निरोगी आहे, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरते.

संरक्षण व उपाय

महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित केला. २०२२ मध्ये खाडीच्या ६,५२१ हेक्टर क्षेत्राला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिवरांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग असल्याचे म्हटले.

अमेरिकेतील सिएटल येथे बंदिस्त किनाऱ्याजवळील सामन माशांची पिल्ले जमिनीवरील कीटक कमी खातात असे आढळले होते. तेथे २०१७ मध्ये पूर्ण झालेल्या नव्या सागरी भिंतीचा पृष्ठभाग खडबडीत ठेवला असून पदपथातून खालच्या पाण्यापर्यंत प्रकाश पोहोचेल अशी रचना केली आहे. देवनारला मात्र भिंत सुधारण्याआधी काळे पाणी रोखणे आणि भरावाची कड मागे घेणे आवश्यक ठरते, कारण प्राणवायू नसलेल्या चिखलात खडबडीत पृष्ठभागाचा फारसा उपयोग होत नाही.