ब्लायडनची अमेरिका

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकी लोकांना. पुण्यातून दिसलेली ती अमेरिका खोटी नव्हती, अपुरी होती. तिची दुसरी बाजू एडवर्ड विल्मट ब्लायडनने अनुभवली. तो १८३२ साली सेंट थॉमस बेटावर, गुलाम नसलेल्या काळ्या आईबापांच्या पोटी जन्मला. पाद्री व्हायचं म्हणून १८५०मध्ये तो अमेरिकेत आला आणि रटगर्सच्या धर्मशास्त्र विद्यालयाने रंगावरून त्याला प्रवेश नाकारला. हे विद्यालय उत्तरेतल्या न्यू जर्सीत होतं. दक्षिणेतले कापसाचे मळे तिथून लांब. त्याच वर्षी फरारी गुलामांना धरून देण्याचा कायदा झाला आणि स्वतंत्र काळ्या माणसालाही रस्त्यावरून निर्धास्त फिरणं अवघड झालं. गुलामगिरीचा निषेध करणारे पुष्कळ गोरे काळ्या विद्यार्थ्याला वर्गात घ्यायला तयार नव्हते.

अमेरिकेने हाकललं आणि आफ्रिकेचं फावलं, असं म्हणण्याचा मोह होतो; पण हिशेब इतका सरळ नाही. ब्लायडनची लायबेरियाची वाट अमेरिकी वसाहत चळवळीनेच मोकळी केली. या चळवळीची मूळ संस्था १८१६ची, हेन्री क्लेसारखे गुलाममालक तिचे पुढारी, आणि मुक्त झालेले काळे देशाबाहेर गेलेले बरे, हा त्यांतल्या अनेकांचा मतलब. लायबेरियातल्या मन्रोव्हियात शिकून ब्लायडन १८५८मध्ये पाद्री झाला, पुढे लायबेरिया कॉलेजात प्राध्यापक आणि १८६४मध्ये तिथलाच परराष्ट्रमंत्री. त्या कॉलेजलाही बॉस्टनच्या देणगीदारांचा आधार होता. आपल्याला घालवू पाहणाऱ्यांच्याच पैशावर आपलं राष्ट्र उभारायचं, असा त्याचा डाव होता. मला तो लाचारीपेक्षा चतुराईचा वाटतो.

काळ्यांनी आफ्रिकेत जावं या विचारावर अमेरिकेतला काळा पुढारी फ्रेडरिक डग्लस याचा आक्षेप मात्र वजनदार आहे: पिढ्यान्‌पिढ्या जिथे राबलो तो देश आपणच का सोडायचा? बहुसंख्य काळे गेले नाहीत, हा त्यांचा कौलच. तरी ब्लायडनला भाबडा ठरवता येत नाही. १८७७मध्ये दक्षिणेतल्या राज्यांवरचा, काळ्यांना आधार असलेला केंद्राचा लष्करी पहारा उठला आणि पुढच्याच वर्षी चार्ल्सटनहून ‘अझोर’ जहाज काळ्या कुटुंबांना घेऊन लायबेरियाला निघालं. ब्लायडनची खरी चूक दुसरीकडे होती. लायबेरियात अमेरिकेतून आलेले काळे वसाहतवाले स्थानिक आफ्रिकनांवर मालकी गाजवत होते, ते त्याला दिसत होतं, खुपतही होतं. पण नवे वसाहतवाले मागवणं त्याने थांबवलं नाही. तिथल्या मिश्रवंशीय पुढाऱ्यांशी त्याचं वैर इतकं विकोपाला गेलं की १८७१मध्ये त्याला सिएरा लिओनला पळावं लागलं. नंतर परतून १८८५मध्ये तो लायबेरियाच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरला. पुढल्या वर्षी त्याने चर्च सोडलं आणि १८८७च्या ग्रंथात लिहिलं की आफ्रिकी माणसाचा स्वाभिमान ख्रिस्ती मिशनांपेक्षा इस्लामने अधिक राखला.