खोक्याच्या तळावरचा गोल शिक्का

अमेरिकेहून आलेलं एखादं पुठ्ठ्याचं खोकं हाताशी असेल, तर ते उलटं करून बघा. तळाच्या झडपेवर बहुतेक वेळा एक गोल शिक्का छापलेला असतो. खोकं कुणी बनवलं, पुठ्ठ्याची ताकद किती, आत किती वजन भरायचं, हे सगळं त्यात असतं. आपण तो वाचत नाही. पण पुठ्ठ्याला आधी जगात शिरकाव कसा मिळत नव्हता आणि मग तो कसा मिळाला, हे मला या शिक्क्यामुळे कळलं.

लाटांचा कागद मुळात खोक्यासाठी नव्हताच. 1856 मध्ये इंग्लंडमध्ये एडवर्ड हीली आणि एडवर्ड ॲलन यांनी त्याचं पेटंट घेतलं, ते उंच टोप्यांच्या आतल्या अस्तरासाठी. 1871 मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्सने तो बाटल्या आणि कंदिलाच्या काचांभोवती गुंडाळायला वापरला. नुसत्या लाटा दाबल्या की चपट्या होतात. म्हणून 1874 मध्ये ऑलिव्हर लाँगने त्यांना सपाट कागद चिकटवायची युक्ती काढली.

आजही गाभा तोच आहे. कागद वाफेने तापवून दातेरी रुळांमधून काढतात, लाटांच्या माथ्यांना स्टार्चची खळ लावतात आणि दोन्ही बाजूंनी सपाट कागद चिकटवतात. हा झाला तीन प्लायचा पुठ्ठा. जड मालासाठी लाटांचा आणखी एक थर घालून पाच प्लायचा करतात. खोकं बनवताना लाटा शक्यतो उभ्या ठेवतात, म्हणजे एकावर एक खोकी रचली की प्रत्येक लाट छोट्या खांबासारखी भार घेते. भिंतीत बरीचशी हवाच असते. या खांबांचा एकच मोठा शत्रू, ओल.

खोक्याची घडी वेगळ्याच वाटेने आली. 1879 मध्ये ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट गेअरच्या कारखान्यात पिशव्या छापताना, घडी पाडणारी धातूची पट्टी जरा उंच बसली आणि तिने पिशव्या कापल्या. माल वाया गेला, पण गेअरच्या लक्षात आलं की एकाच ठोक्यात कापणं आणि घडी पाडणं दोन्ही जमेल. खोकी सपाट गठ्ठ्यांनी पाठवायची, गिऱ्हाइकाने हवी तेव्हा उभी करायची. त्याची सुरुवातीची खोकी साध्या पुठ्ठ्याची होती. लाटांच्या पुठ्ठ्यालाही पुढे हीच रीत लागू झाली.

म्हणजे एकोणिसावं शतक संपताना तंत्र जवळपास तयार होतं. तरी माल लाकडी खोक्यांतूनच जात होता. कारण माल नेणारी होती रेल्वे, आणि कागदाच्या खोक्यातला माल फुटला तर भरपाई कुणी द्यायची, हा तिचा प्रश्न होता. 1903 मध्ये न्याहारीच्या तृणधान्यांसाठी पुठ्ठ्याला परवानगी मिळाली. पण पश्चिमेकडच्या रेल्वे कंपन्या पुठ्ठ्यातल्या मालाला लाकडी खोक्यापेक्षा जास्त भाडं लावत. शेवटी लॉस एंजेलिसच्या प्रिडहॅम नावाच्या खोकी बनवणाऱ्या कंपनीने इंटरस्टेट कॉमर्स कमिशनकडे दाद मागितली. 1914 मध्ये निकाल लागला, हा भेदभाव चालणार नाही.

मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे ही गोष्ट फार ओळखीची वाटते. वस्तू चांगली असून भागत नाही. रुळलेल्या व्यवस्थेला तिच्यावर विश्वास ठेवायला काहीतरी कारण द्यावं लागतं. रेल्वेच्या नियमांनी ते ठरवून दिलं: पुठ्ठा किती दाबाला फाटतो ते तपासा, वजनाची मर्यादा पाळा, आणि बनवणाऱ्याने आपलं नाव घालून तसं खोक्यावर छापा. तोच हा शिक्का. पुढच्या काही दशकांत लाकडी खोकं मागे पडलं. आपल्याकडे हापूसही आता पुठ्ठ्यात येतो, फक्त 'पेटी' हा शब्द लाकडाच्या काळातला राहिला.

खोकं रिकामं झालं की त्याचा पुढचा प्रवास सुरू होतो. भारतात खोक्याचा कागद मोठ्या प्रमाणावर रद्दीपासूनच बनतो, आणि ती रद्दी कुणीतरी हातांनी वेचलेली, वेगळी केलेली, चपटी करून बांधलेली असते. पुण्यात हे काम करणाऱ्यांनी 1993 मध्ये संघटना उभी केली, तिचं नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. पहिलाच शब्द कागद. त्या काळात पोतं घेऊन फिरणाऱ्या बाईकडे लोक चोर म्हणून बघत. त्यामुळे संघटनेच्या सुरुवातीच्या मोठ्या मागण्यांपैकी एक होती ओळखपत्राची, आणि 1990 च्या दशकातच पुणे महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रं त्यांना मिळाली.

खोकं भार पेलत होतं, या बायाही आधीपासून काम करत होत्या. शिक्का दोघांनाही नंतर मिळाला, आणि दोघांनाही तो मागून घ्यावा लागला. पुढचं खोकं टाकाल तेव्हा टेप काढून, चपटं करून, कोरडं ठेवा. ओल्या पुठ्ठ्याला भाव मिळत नाही.