अधिक सेकंदाची अडचण

१ जानेवारी २०१७ च्या पहाटे भारतीय प्रमाणवेळेत ५ वाजून २९ मिनिटे ५९ सेकंदांनंतर लगेच साडेपाच वाजले नाहीत. मध्ये ५:२९:६० असा एक जादा सेकंद, म्हणजे लीप सेकंद, घातलेला होता. नवीन पनवेलला लोकलची वाट पाहणाऱ्यांना तो जाणवलाही नसेल. संगणकांना मात्र असा सेकंद चांगलाच जाणवतो.

१९६७ साली सेकंदाची व्याख्या पृथ्वीऐवजी सीझियमच्या अणूवर बेतली गेली: त्याच्या प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० कंपने म्हणजे एक सेकंद. पण पृथ्वी काही अणूइतकी शिस्तीने फिरत नाही. दोन घड्याळांतला फरक ०.९ सेकंदापलीकडे जाऊ नये म्हणून १९७२ पासून २०१६ पर्यंत २७ अधिक सेकंद घालावे लागले. ते ग्रिनिचच्या मध्यरात्री घालतात. तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच होतात.

आपल्याला अधिक महिना परिचयाचा आहे. तो शेकडो वर्षे आधी गणिताने काढता येतो. अधिक सेकंद तसा काढता येत नाही; पृथ्वीचे निरीक्षण करून सुमारे सहा महिने आधी तो जाहीर होतो. खरी गोम इथेच आहे.

युनिक्स पद्धतीचा संगणक १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतो आणि प्रत्येक दिवस ८६,४०० सेकंदांचाच धरतो. त्यामुळे पुढची कुठलीही तारीख साध्या भागाकाराने मिळते. अधिक सेकंद मोजायचे ठरवले असते, तर २० वर्षांनंतरच्या तारखेचा आकडा आज सांगताच आला नसता. म्हणजे निवड अडाणीपणाची नव्हती. पण या मोजणीत ६० व्या सेकंदाला जागाच नाही. म्हणून घड्याळ एक सेकंद मागे घेतात आणि तोच आकडा दुसऱ्यांदा येतो. मग नंतरची नोंद आधीची दिसू शकते.

१ जुलै २०१२ च्या पहाटे याचा प्रत्यय आला. लिनक्सचे मुख्य घड्याळ मागे गेले, पण आतल्या गजरांच्या यंत्रणेला ते कळलेच नाही. गजर वेळेआधी वाजू लागले, पुन्हा पुन्हा लावले गेले, आणि प्रोसेसर त्यातच अडकून पडले. ऑस्ट्रेलियात क्वांटासच्या विमानतळांवरील प्रवासी-नोंदणीही खोळंबली.

गूगलने २००८ पासून वेगळी वाट धरली: कर्ज हप्त्यांनी फेडायचे! २०१६ च्या अखेरीस त्यांची घड्याळे अधिक सेकंदाच्या आधी दहा तास आणि नंतर दहा तास, ७२ हजारांत एक भाग मंद चालवली गेली. वेळ कुठेच मागे गेली नाही; मात्र ऐन मध्यावर ती जगाच्या वेळेपासून अर्धा सेकंद ढळलेली होती. दोन यंत्रणांनी हप्ते वेगवेगळे पाडले, तर त्यांच्या नोंदी जुळवणे कठीण. जीपीएसने तर अधिक सेकंद घ्यायचेच नाकारले. तिचे घड्याळ आज १८ सेकंद पुढे आहे. किती वजा करायचे, ते उपग्रहच कळवतात.

सूर्याशी जुळायचे की एकमेकांशी, हा वाद मुंबईला नवा नाही. १९०६ साली प्रमाणवेळ आली, तरी तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली मुंबईची वेळ शहराने १९५५ पर्यंत जपली. दोन घड्याळे बाळगण्याचा त्रास लोकांनी पन्नास वर्षे सोसला.

नोव्हेंबर २०२२ मध्ये वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०३५ पर्यंत हा फरक वाढू देण्याचे ठरवले. मला ते पटते. पनवेलच्या शाळेत अंगणात काठी रोवून पाहा: सूर्य माथ्यावर येतो तो वर्षाच्या सरासरीने १२ वाजून ३८ मिनिटांच्या सुमारास. १९७२ पासूनच्या ४५ वर्षांच्या गतीने त्यात आणखी एका मिनिटाची भर पडायला शंभर वर्षे लागतील.