स्वस्त खाट, महाग इस्पितळ

सैनिकाच्या कुटुंबावर लष्करी इस्पितळात उपचार करणं स्वस्त, की बाहेरच्या डॉक्टरचं बिल भरणं? अमेरिकी सरकार या प्रश्नाशी कित्येक दशकं झगडत आलं आहे. १८८४ च्या कायद्यानुसार लष्करी डॉक्टरांनी जमेल तेव्हा कुटुंबीयांना मोफत तपासायचं होतं. पुढे गर्दी वाढून ते जमेना. म्हणून १९५६ मध्ये सैनिकांच्या बायकामुलांना आणि १९६६ मध्ये निवृत्तांनाही सरकारी खर्चाने खासगी उपचारांची वाट मोकळी झाली. ही योजना म्हणजे ‘चॅम्पस’. मात्र तिथे खिशाला चाट होती. निवृत्ताने आधी वर्षाची ठरावीक रक्कम पदरची भरायची आणि त्यापुढच्या मान्य खर्चाचा पाव हिस्साही सोसायचा. लष्करी ओपीडीत एक पैसा पडत नसे. चॅम्पसची बिलं फुगली, तेव्हा सगळ्यांना पुन्हा आतच घ्या, असा सूर निघणं साहजिकच होतं.

शीतयुद्ध संपता संपता अमेरिकी काँग्रेसने याचा रीतसर अभ्यास मागवला. कायद्यातल्या कलमावरून तो ‘७३३ अभ्यास’ म्हणून ओळखला गेला आणि १९९४ मध्ये पुरा झाला. एकेका रुग्णामागे लष्करी इस्पितळ स्वस्त, हे त्यात दिसलंच. पण इस्पितळं वाढवली तर एकूण खर्च घटण्याऐवजी वाढेल, असंही निघालं. फुकट दार उघडलं की माणसं जास्त वेळा येतात, आणि एरवी नोकरीतल्या विम्यावर भागवणारे निवृत्तही तिकडे वळतात. या जास्तीच्या भेटी म्हणजे उधळपट्टी नव्हे, पैशाअभावी अंगावर काढलेली दुखणी आहेत, असं कुणी म्हणेल. ते खरंही असेल. पण मग ते कल्याणाचं कारण झालं, काटकसरीचं नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. युद्धासाठी सर्जन पोसायचेच आहेत, तर त्यांचा पगार या हिशोबात का धरायचा? रिकाम्या खाटांपुरता हा मुद्दा मान्य. नव्या खाटांसाठी नवी माणसं नेमली की तो टिकत नाही. उलट रुग्ण बाहेर धाडले, तर आतल्या सर्जनचा सराव सुटतो, त्याचा पगार चालूच राहतो आणि बाहेरचं बिलही येतं. पेंटागॉनने मधली काही वर्षं नेमकं हेच केलं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये रुग्णांना लष्करी इस्पितळांत परत आणण्याचा आदेश काढला.