ताटातला न दिसणारा गहू

आजचा विषय एका साध्या प्रश्नातून निघाला आहे. सुटीच्या दिवशी सगळं घर शहरात फिरायला निघालं, तर जेवायचं कुठे? आम्ही दिल्लीत राहतो. इथे खाण्याची ददात नाही, तरी आमच्यासाठी हा प्रश्न अवघड आहे. माझ्या नऊ वर्षांच्या भाचीला सीलिअ‍ॅक आहे. गहू आणि जव यांतलं ग्लूटेन पोटात गेलं, की तिचं शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तराला इजा करतं. त्यावर आयुष्यभराचं पथ्य हाच उपाय.

हे दुखणं नवं नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ॲरेटियस या ग्रीक वैद्याने अशा रुग्णांचं वर्णन केलं होतं. १८८८ मध्ये लंडनच्या डॉ. सॅम्युअल गी यांनी मुलांमधली लक्षणं नीट नोंदवली आणि बरं व्हायचं तर आहारातूनच, असंही सांगितलं. पण दोष नेमका कोणत्या पदार्थाचा, हे त्यांना उमगलं नाही. १९२४ मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. सिडनी हास यांनी मुलांना केळ्यांवर ठेवलं. मुलं सुधारली आणि श्रेय केळ्यांना मिळालं. त्या आहारात पाव नव्हता, याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

पावावर बोट ठेवलं ते हॉलंडच्या डॉ. विलेम डिके यांनी. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मन ताब्यातल्या हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली. पाव मिळेनासा झाला आणि या मुलांची तब्येत सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा बिघडली. गोष्ट अशी सांगितली जाते, की शोध त्या दुष्काळातच लागला. खरं तर डिके यांना तिशीच्या दशकापासून गव्हाचा संशय होता आणि ते मुलांना बिनगव्हाचा आहार देऊन पाहत होते. दुष्काळाने तो संशय बळकट केला. १९५० मध्ये त्यांचा प्रबंध आला.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते असं: जो पदार्थ रोज प्रत्येक ताटात असतो, त्याच्यावर कोणी संशय घेत नाही. हीच गोष्ट आपल्याकडेही घडली.

१९५०-५१ मध्ये भारतात गहू पिकायचा सुमारे ६५ लाख टन. आज तो ११ कोटी टनांच्या वर आहे. मधल्या काळात आधी अमेरिकेचा गहू आला, मग हरितक्रांती आली. महाराष्ट्रात ज्यांच्या घरी पोळी सणासुदीला व्हायची, त्यांच्याकडे ती रोजची झाली आणि ज्वारी-बाजरीची भाकरी मागे सरली. उत्तर भारतातल्या मुलांमधल्या सीलिअ‍ॅकवर ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख आला तो १९६६ मध्ये. पुढे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत उत्तरेत शंभरात सव्वा माणसाच्या, तर दक्षिणेत हजारात एकाच्या रक्तात या आजाराची प्रतिपिंडं आढळली. अभ्यासकांनी दोन्हीकडच्या गहू खाण्यातला फरक दाखवून दिला.

गहू नुसता वाढला नाही, तो लपलाही. हिंगाचंच बघा. अफगाणिस्तान-इराणकडून येणारा अस्सल हिंग इतका उग्र असतो, की तो पीठ आणि डिंक मिसळूनच विकतात. ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं असतं. म्हणजे इडली सुरक्षित, पण सांबाराची खात्री नाही. मंच्युरियनला कॉर्नफ्लोअर लावलेलं असतं, पण सोया सॉस बनवताना गहू वापरतात. तंदुरी पनीरला गहू नसतो, पण ज्या तंदूरच्या भिंतीला नान चिकटवतात त्यातच ते भाजतात. भज्यांचं बेसन चालतं, पण त्याच तेलात समोसे तळलेले असतात.

म्हणून मेनूवरच्या शब्दावर मी विसंबत नाही. पाकिटबंद मालासाठी आपल्याकडे नियम आहे: किलोमागे २० मिलीग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असेल तर 'ग्लूटेन-फ्री' छापता येत नाही. हॉटेलच्या ताटाला अशी कोणी मोजणी करत नाही. एका ठिकाणी मेनूवर तसं छापलं होतं, वेटरनेही मान डोलावली. मी आत जाऊन स्वयंपाक्याला विचारलं, तर बाजरीची रोटी थापताना खाली पिठी गव्हाची! त्या दिवशी भाचीने डब्यातले पोहे खाल्ले आणि बाकीच्यांच्या ताटांकडे बघत बसली. पोट जपलं, पण ती पंगतीबाहेर राहिली. या आजाराचं खरं दुःख ते आहे.

आता मी आदल्या दिवशी फोन करते, गर्दीच्या आधी पोचते आणि थेट स्वयंपाक्याला चार गोष्टी विचारते. पिठी कशाची? रस्सा दाट कशाने करता? तवा आणि तेल वेगळं मिळेल का? हिंगाच्या डबीवर काय लिहिलंय? जो माणूस "बघून सांगतो" म्हणून आत जातो आणि डबी हातात घेऊन येतो, त्याच्याकडे आम्ही बसतो. न बघता "सगळं चालेल" म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघतो. नवरात्रात दिल्लीत उपवासाची थाळी मिळते: कुट्टू, शिंगाडा, साबुदाणा, भगर. तिथे चुलीपासून सगळं वेगळं ठेवलेलं असेल, तर निम्मं काम झालेलं असतं. फक्त पीठ कोणत्या गिरणीतून येतं ते विचारायचं.

तुमच्या शहरातही हे करून बघा. इंदूरला पोहे चालतील, जिलेबी नाही. बडोद्यात खमणमध्ये रवा घातलाय का, ते विचारा. हैदराबादला बिर्याणीची चौकशी करा, हलीम मात्र नकोच, त्यात गहूच शिजवतात. आणि तुमच्या पंगतीत असं एखादं मूल असेल, तर त्याच्यासाठी वेगळा पदार्थ मागवू नका. सगळ्यांना चालेल असं एक ताट शोधा आणि सगळ्यांनी तेच जेवा.