सक्तीची मात आणि यंत्राचे घड्याळ

बुद्धिबळाच्या पटावरील एखादी स्थिती पांढऱ्याला अनुकूल आहे की काळ्याला, याविषयी दोन जाणकारांचे एकमत होईलच असे नाही. परंतु सक्तीची मात, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने कोणतेही उत्तर दिले तरी ठरावीक चालींत त्याच्या राजाला सुटकेचे घर उरणार नाही अशी चालींची मालिका, त्या स्थितीत एकतर असते किंवा नसते. या निश्चितपणामुळेच यंत्राला बुद्धिबळ शिकवू पाहणाऱ्यांनी आरंभीच्या परीक्षेसाठी पुन्हा पुन्हा हाच प्रश्न निवडला. उत्तर आधीच ठाऊक असल्याने मोजायचा उरतो तो केवळ वेळ. या वेळेने नेमके काय मोजले जाते, हे मात्र दर पिढीत बदलत गेले, आणि मात झटपट शोधणारे यंत्र व उत्तम खेळणारे यंत्र ही एकच वस्तू नव्हे, हे ध्यानात यायला बराच काळ जावा लागला.

‘इतक्या चालींत मात करा’ असा प्रश्न घालण्याची परंपरा यंत्रांहून कितीतरी जुनी आहे आणि तिचा एक धागा मुंबईशीही जुळतो. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूपांतर ‘एसेज ऑन चेस’ या नावाने १८१४ मध्ये मुंबईत छापले गेले. त्यात अटी घालून मात करण्याचे प्रश्न एकत्र केलेले आहेत. अशा प्रश्नांत सोडवणाऱ्याची हुशारी मोजली जाई, पण हातात घड्याळ धरून नव्हे. वेळ मोजण्याची गरज निर्माण झाली ती सोडवणारा माणूस उरला नाही तेव्हा.

यंत्राकडून पहिली खरी मात घडवली ती लिओनार्दो तोरेस केवेदो या स्पॅनिश अभियंत्याने. १९१२ च्या सुमारास बांधलेले आणि १९१४ मध्ये पॅरिसमध्ये दाखवलेले त्याचे ‘एल अखेद्रेसिस्ता’ हे यंत्र पांढरा राजा आणि हत्ती घेऊन काळ्या एकट्या राजाविरुद्ध खेळे, आणि काळ्या राजाच्या चाली समोरचा माणूस करी. माणसाने नियमबाह्य चाल केली तर दिवा लागे आणि तिसऱ्या चुकीनंतर यंत्र खेळणेच थांबवी, यावरून निर्मात्याला आपल्या पाहुण्यांची चांगली पारख होती असे म्हणावे लागते. या यंत्रात शोध असा नव्हता. काळा राजा हत्तीच्या कोणत्या बाजूला व किती अंतरावर आहे एवढे पाहून विजेच्या जोडण्या पुढची चाल ठरवत. मात हमखास होई, पण ती आखूड नसे. या मोहऱ्यांनिशी अचूक खेळल्यास कोणत्याही जिंकणाऱ्या स्थितीत जास्तीत जास्त १६ चाली पुरतात, तर तोरेसच्या यंत्राला काही वेळा ५० हून अधिक लागत. निश्चितता आणि वेग यांचा मेळ नसण्याचे हे पहिले उदाहरण होय.

याच यंत्राची नंतरची आवृत्ती १९५१ मध्ये पॅरिसच्या परिषदेत गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांना दाखवली गेली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मँचेस्टर येथे डिट्रिश प्रिन्झ यांचा प्रोग्रॅम पहिल्यांदा चालला. जर्मनीत जन्मलेले प्रिन्झ फेरांटी कंपनीत काम करत, आणि त्यांना उपलब्ध असलेला फेरांटी मार्क १ हा संगणक त्या वर्षी नुकताच मँचेस्टर विद्यापीठात बसवलेला होता. ॲलन ट्युरिंग त्याच विद्यापीठात होते आणि संपूर्ण डाव खेळणारी कार्यपद्धती त्यांनी कागदावर आखलीही होती. परंतु संपूर्ण डाव त्या यंत्राच्या आवाक्याबाहेरचा असल्याचे ओळखून प्रिन्झ यांनी मागणी लहान केली आणि केवळ दोन चालींत मात शोधण्याचा प्रोग्रॅम लिहिला. त्यात किल्लेकोट नव्हता, प्याद्याची दोन घरांची पहिली चाल नव्हती, प्याद्याची बढती नव्हती, आणि मात व स्टेलमेट (राजाला शह नसताना त्याच्या बाजूकडे एकही वैध चाल न उरणे) यांतला फरकही यंत्राला कळत नसे. प्रोग्रॅम प्रत्येक चाल, तिला प्रत्येक उत्तर आणि त्या उत्तरावर प्रत्येक चाल अशा क्रमाने सगळ्या शक्यता तपासत जाई, आणि सुमारे १५ मिनिटांनी मात करणारी चाल छापून देई. सराव असलेला माणूस तो प्रश्न कितीतरी आधी सोडवील; तरीही ही १५ मिनिटे म्हणजे मात शोधण्याच्या यांत्रिक वेळेची पहिली महत्त्वाची नोंद होय, आणि प्रिन्झ यांचे मोठेपण चाल शोधण्यापेक्षा प्रश्न छाटण्यात होते.

पुढची अडचण साध्या गुणाकाराची होती. संगणकशास्त्रात एका बाजूच्या एका चालीला अर्धचाल म्हणतात, आणि दोन चालींत मात म्हणजे पांढऱ्याची, काळ्याची व पुन्हा पांढऱ्याची अशा तीन अर्धचाली होतात. प्रत्येक वेळी सरासरी ३० वैध चाली धरल्या तर तीन अर्धचालींना २७,००० शेवट येतात. तीन चालींत मात हवी असल्यास पाच अर्धचालींना २ कोटी ४३ लाख, आणि चार चालींत मात हवी असल्यास सुमारे २,१८७ कोटी. यावर पहिला मोठा उतारा आल्फा-बीटा छाटणी या पद्धतीने मिळाला, जिच्यात एका चालीचे खंडन एकदा सापडले की त्या चालीची उरलेली उत्तरे तपासण्याचे काम वाचते. डोनाल्ड नुथ आणि रोनाल्ड मूर यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, चाली सर्वोत्तम क्रमाने तपासल्या गेल्या तर वरच्या पाच अर्धचालींच्या २ कोटी ४३ लाखांऐवजी २७,८९९ शेवट पाहणे पुरेसे ठरते. मात्र ‘सर्वोत्तम क्रमाने’ या अटीतच सारे इंगित आहे, कारण तो क्रम आधीच ठाऊक असता तर शोधाची गरजच उरली नसती.

क्रम कसा लावावा, याचे एक सुरेख उत्तर जॉर्ज बेलर आणि हर्बर्ट सायमन यांच्या १९६६ च्या ‘मेटर’ या प्रोग्रॅमने दिले. मेटर आपल्या पहिल्या रूपात केवळ शह देणाऱ्या चाली पाही, आणि ज्या शहाला प्रतिस्पर्ध्याकडे सर्वांत कमी उत्तरे असतील ती वाट आधी धरी. माणूस मात शोधताना राजाला कोंडत नेतो, तेच येथे आकड्यात उतरलेले दिसते. या पद्धतीचे बळ पाहायला इव्हान ब्राटको आणि डॅनी कोपेक यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या २४ स्थितींच्या परीक्षेतली पहिली स्थिती पुरते. काळ्याची पाळी आहे. पांढरा राजा सी-१ वर, त्याची प्यादी ए-२, बी-२ आणि सी-२ वर, तर काळ्याचे वजीर, उंट आणि हत्ती हे तिघेही डी पट्टीवर, अनुक्रमे डी-६, डी-७ आणि डी-८ वर उभे आहेत. काळा वजीर डी-१ वर जाऊन शह देतो आणि बळी जातो, कारण राजाने त्याला मारणे हे पांढऱ्याचे एकमेव वैध उत्तर आहे. मग उंट डी-७ वरून जी-४ वर सरकतो, त्यामुळे मागचा हत्ती मोकळा होऊन उंट व हत्ती यांचा एकाच वेळी दुहेरी शह बसतो. राजाला सी-१ किंवा ई-१ एवढीच दोन घरे राहतात, आणि दोन्ही ठिकाणी डी-१ वर उतरलेला, उंटाच्या जोरावर उभा असलेला हत्ती मात करतो. पहिल्या शहाला एक उत्तर, दुसऱ्याला दोन. पाच अर्धचालींचे हे झाड इतके बारीक आहे की उत्तरे मोजत जाणाऱ्या यंत्राला ते चुकणे अवघड, तर वजीर देणे म्हणजे नुकसान असा हिशेब करून ती चाल रांगेच्या शेवटी ढकलणाऱ्या प्रोग्रॅमला तीच मात फार दूर वाटते.

ब्राटको-कोपेक परीक्षेत प्रत्येक स्थितीला दोन मिनिटे दिली जात. तिच्याबरोबरच फ्रेड राइनफेल्ड यांच्या ‘विन ॲट चेस’ या पुस्तकातल्या ३०० स्थिती प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या नित्य वापरात आल्या; आजचे इंजिन, म्हणजे चाली शोधणारा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम, त्यांतल्या बहुतेक सेकंदाच्या आत सोडवते. वेळ मोजणे मात्र दिसते तितके सरळ नाही. इंजिन आधी पाहिलेल्या स्थिती स्मृतितक्त्यात साठवते, म्हणून तो तक्ता पुसल्याशिवाय केलेली दुसरी चाचणी फसवी ठरते. आणि शोध अनेक प्रोसेसरांवर विभागलेला असला तर तेच इंजिन त्याच स्थितीवर दोन वेळा दोन वेगळे वेळ देते, कारण कोणता भाग कोणाआधी तक्त्यात पोहोचेल हे ठरलेले नसते. याहून मूलभूत प्रश्न असा की ‘सापडली’ कशाला म्हणायचे. योग्य पहिली चाल निवडली तो क्षण, मात आहे असे जाहीर केले तो क्षण, आणि याहून आखूड मात नाही असे सिद्ध केले तो क्षण, हे तीन वेगळे क्षण आहेत आणि त्यांच्यात कित्येकदा तासांचे अंतर पडते.

खेळणारी इंजिने आणि मात शोधणारी इंजिने यांची खरी फारकत १९९० च्या दशकात झाली. १९९३ मध्ये क्रिस्टियन डोनिंगर यांच्या लेखनानंतर ‘नल मूव्ह’ ही छाटणी सर्वत्र पसरली. एखाद्या बाजूने आपली पाळी सोडून दिली तरीही तिची स्थिती उत्तमच राहते असे उथळ शोधात दिसले, तर ती शाखा आणखी खोल पाहायची नाही, असा तिचा आशय. प्रत्यक्ष डावात ही युक्ती इंजिनाला कितीतरी खोल नेते, पण चाल करावी लागणे हाच जेथे तोटा असतो, म्हणजे ज्याला त्सुगत्स्वांग म्हणतात, तेथे ती सपशेल चुकते. रचलेल्या प्रश्नांत तर अशा स्थिती आणि शहाविना केलेल्या शांत चाली यांचीच चलती असते. हेन्री लव्हडे या हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रज धर्मोपदेशकाने ‘शागीर्द’ या टोपणनावाने पाठवलेला आणि १८४५ मध्ये इंग्लंडच्या ‘चेस प्लेयर्स क्रॉनिकल’मध्ये छापलेला प्रश्न याचा आदर्श नमुना आहे: त्यात पांढरा आपला मोहरा आधी मुद्दाम दूर नेतो, मग दुसरा मोहरा त्याच्या वाटेत आडवा घालून काळ्या राजाला श्वास घ्यायला जागा देतो, आणि तो आडवा मोहरा हलताच मात होते. दूर जाणारी, शह न देणारी, काहीही न मारणारी चाल छाटणीच्या नियमांना सर्वांत निरुपयोगी भासते. म्हणून हायनर मार्क्सन यांच्या ‘चेस्ट’सारखे केवळ मात शोधणारे प्रोग्रॅम वेगळे वाढले. ट्युरिंग यंत्रांविषयीच्या ‘बिझी बीव्हर’ या कोड्यात पाच अवस्थांच्या यंत्राचा ४,७१,७६,८७० पायऱ्यांचा विक्रम १९८९ मध्ये शोधणाऱ्या दोघांपैकी एक हेच मार्क्सन. एकही शक्यता न सोडता शोधणे हा त्यांचा स्वभावच असावा.

मेटरची ‘कमी उत्तरांची वाट आधी’ ही कल्पना दरम्यान नव्या वेषात परतली होती. व्हिक्टर ॲलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मांडलेला सिद्धांक-शोध प्रत्येक स्थितीजवळ दोन आकडे ठेवतो: मात सिद्ध करायला किमान किती शेवट तपासावे लागतील आणि ती खोडून काढायला किती, आणि दरवेळी स्वस्त पडणारी शाखा पुढे नेतो. या शोधाचा सर्वांत दिपवणारा विजय मात्र बुद्धिबळात झाला नाही. शोगी या जपानी खेळातल्या मात-प्रश्नांत हल्ला करणाऱ्याची प्रत्येक चाल शह असावीच लागते, त्यामुळे झाड अरुंद पण विलक्षण उंच असते, आणि मासाहिरो सेओ यांच्या प्रोग्रॅमने १९९७ मध्ये तेथला १,५२५ चालींचा ‘मायक्रोकॉसमॉस’ हा प्रश्न सोडवला.

तिसरी वाट शेवटाकडून मागे येणारी होती. थोडेच मोहरे उरलेल्या सर्व मातस्थिती आधी मांडायच्या आणि त्यांच्यापासून एकेक चाल उलट मोजत प्रत्येक स्थितीचे अंतर तक्त्यात नोंदवायचे, हे काम थॉमस श्ट्रॉलाइन यांनी १९७० मध्ये म्युनिकच्या प्रबंधात केले. १९७७ मध्ये केन थॉम्पसन यांनी वजीर विरुद्ध हत्ती हा तक्ता माणसांसमोर ठेवला, तेव्हा वॉल्टर ब्राउन या ग्रँडमास्टरला ३१ चालींत साधणारा विजय पहिल्या प्रयत्नात ५० चालींतही साधला नाही. २०१२ मध्ये मॉस्को विद्यापीठाच्या लोमोनोसॉव्ह महासंगणकावर तयार झालेल्या सात मोहऱ्यांच्या तक्त्यांत ५४९ चालींची मात निघाली. येथे शोधाचा वेळ शून्यावर येतो, कारण शोध आधीच होऊन गेलेला असतो. तरीही आजची इंजिने बहुधा रोनाल्ड डी मान यांचे २०१३ चे ‘सिझिजी’ तक्ते वापरतात, आणि ते पन्नास चालींच्या नियमाला धरून पुढच्या प्याद्याच्या चालीपर्यंतचे किंवा मोहरा मारण्यापर्यंतचे अंतर सांगतात, मात किती दूर आहे ते नव्हे. डाव जिंकायला तेवढे पुरते.

न्यूरल जाळ्यांवर वाढलेल्या ‘लीला’ या इंजिनात हा विसंवाद सर्वांत ठळक दिसला: जिंकण्याची शक्यता वाढवणे एवढेच त्याचे ध्येय असल्याने, शंभर टक्क्यांच्या जवळ पोहोचल्यावर चार चालींची मात आणि चाळीस चालींची मात त्याला सारख्याच वाटत, आणि ते जिंकलेल्या डावात रेंगाळत राही; म्हणून किती चाली उरल्या याचा अंदाज त्यात पुढे स्वतंत्रपणे जोडावा लागला. याउलट प्रश्नरचनाकारांच्या जगात प्रिन्झ यांचीच रीत टिकून आहे. रचलेला प्रश्न ‘पोपाय’सारख्या प्रोग्रॅमला दिला जातो, तो रचनाकाराच्या मनात नसलेली दुसरी मात शोधून रचना बाद करू शकतो, आणि सर्व शक्यता तपासूनही तशी मात निघाली नाही तर छापील आकृतीखाली ‘सी अधिक’ ही संगणकाने पडताळल्याची खूण येते. त्या तपासणीला दोन सेकंद लागले की दोन दिवस, याची नोंद कोणी ठेवत नाही.